आप्त कोणास म्हणावे?

घरी बसून स्वतःच्या हातांनी संगणक जुळविणाऱ्या मनुष्याच्या ठिकाणी स्वावलंबनाचा जो एक सात्त्विक अभिमान उत्पन्न होतो, तो मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस आणि कॅबिनेट या वस्तू एकमेकींत बसवून होईपर्यंत अबाधित राहतो. परंतु ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये नीट बसले, त्याचा पंखा फिरू लागला, मॉनिटरवर चित्रही उमटले, आणि तरीही ते चित्र फुगलेल्या अक्षरांचे व ओबडधोबड दिसू लागले, म्हणजे त्याच्या ध्यानात येते की आपल्या हातून होण्यासारखे सारे झाल्यावरही एक वस्तू अशी उरली आहे की जी दुकानात उलटसुलट करून पारखता येत नाही, जिचे अंतरंग आपणांस उघडून पाहता येत नाही, आणि जी दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवूनच घरात घ्यावी लागते. ही वस्तू म्हणजे त्या कार्डाचा ड्रायव्हर. तो शोधण्याच्या कामास लोक तांत्रिक खटपट समजतात आणि ते समजणे चुकीचेही नाही. तथापि ही खटपट थोडी सावकाशीने केली, तर भारतीय दर्शनकारांनी शब्दप्रामाण्य या नावाखाली जो वाद शतकानुशतके चालविला, त्याच्या ऐन मध्यभागी आपण येऊन उभे आहोत असे दिसून येईल.

कार्डावरील चिपच्या कोणत्या रजिस्टरात कोणता आकडा लिहिला असता कोणता परिणाम घडतो, याचे पूर्ण ज्ञान सामान्यतः ती चिप घडविणाऱ्या कंपनीपाशीच असते, आणि पिढी बदलली की ही रचनाही बदलते. ऑपरेटिंग सिस्टिमला या बाबतीत स्वतःचे असे काहीच ठाऊक नसल्यामुळे, ड्रायव्हर मिळेपर्यंत विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ या नावाने एक तात्पुरती तजवीज करून ठेवते. आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीएपासून जी जुनी सामाईक वहिवाट चालत आली आहे तिचीच ही वंशज. तिच्यात कोणत्याही कार्डाचे विशेष सामर्थ्य उपयोगास येत नाही, आणि म्हणून दीड हजारांचे कार्ड असो वा दीड लाखांचे, या अवस्थेत दोघांची योग्यता जवळजवळ सारखीच ठरते. ज्याच्यापाशी ज्ञान आहे त्याने ते शब्दरूपाने द्यावे आणि ज्याच्यापाशी नाही त्याने ते तसेच स्वीकारावे, याखेरीज येथे दुसरा मार्ग नाही. मीमांसकांनी वेदाचे तात्पर्य विधीत, म्हणजे ‘अमुक करावे’ या आज्ञेत आहे असे मानले आणि उरलेल्या वर्णनपर भागास अर्थवाद म्हणून गौण स्थान दिले. ड्रायव्हर तर आरंभापासून अंतापर्यंत विधीच आहे, त्यात अर्थवाद असलाच तर तो खोक्यावर छापलेला असतो.

माझ्या भाच्याने पुण्यास असा एक संगणक जुळविला. हात आखडता असल्यामुळे ग्राफिक्स कार्ड जुने घेतलेले, पण खोके शाबूत होते, आणि त्या खोक्यावर व कार्डाच्या पाठीवरील चिठ्ठीवर ‘जीफोर्स जीटी ७३०’ हे नाव स्वच्छ छापलेले होते. ‘या नावाचा कोणताही ड्रायव्हर टाका, चालतो,’ असे विकणाऱ्याने सांगितले होते. त्याप्रमाणे त्याने अगदी ताजा ड्रायव्हर उतरवून घेतला, तेव्हा अनुरूप हार्डवेअर सापडत नाही असे सांगून इन्स्टॉलर थांबला. मग कोणी सुचविले म्हणून जुन्यांपैकी ४७० च्या मालिकेतील एक आणला, तर त्याचाही जबाब तोच. ‘मामा, नाव तर हेच आहे. मग घेत का नाही?’ असे त्याने मला विचारले, आणि त्या प्रश्नातील रोख असा होता की खोके, चिठ्ठी व दुकानदार या तिघांची साक्ष एकमुखी असताना यंत्राने ती नाकारावी हा यंत्राचा उद्धटपणा होय.

इन्स्टॉलरचे म्हणणे मात्र खरे होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या बेसिक अ‍ॅडॅप्टरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तेथून डीटेल्स, आणि तेथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले असता काही लांबलचक ओळी दिसतात. त्यांत ‘व्हेन’ या अक्षरांपुढे १०डीई आणि ‘डेव्ह’ या अक्षरांपुढे ०एफ०२ असे लिहिलेले होते. १९९२ साली पीसीआयची जी व्यवस्था ठरली, तिच्याप्रमाणे प्रत्येक कार्डाला आपल्या ओळखीचा एक लहानसा दस्तऐवज अंगावर बाळगावा लागतो. त्यातील पहिल्या दोन बाइटांत घडविणाऱ्याचा क्रमांक आणि पुढच्या दोन बाइटांत वस्तूचा क्रमांक असतो, आणि यंत्र सुरू होताच मदरबोर्ड प्रत्येक स्लॉटला हा तपशील विचारून घेतो. १०डीई म्हणजे एन्व्हिडिया. १००२ हा एटीआयचा क्रमांक, जो २००६ साली एएमडीने ती कंपनी विकत घेतल्यावर वारसाहक्काने तिच्याकडे गेला. आणि इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा आपल्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा निवडला, यात थोडा कुलाभिमान आहे. राहता राहिले ०एफ०२. हा क्रमांक जीएफ १०८ या फर्मी पिढीतील चिपचा. जीटी ७३० याच नावाने केप्लर पिढीतील जीके २०८ ही सर्वस्वी निराळी चिपही विकली गेली आहे आणि तिचा क्रमांक १२८७ असा येतो. केप्लरसाठी ४७० ची मालिका शेवटची, फर्मीसाठी ३९० ची. नाव एक, वस्तू दोन, आणि त्या दोन्हींचे अधिकार भिन्न.

येथे प्रमाणांची उतरंड कशी ढासळत जाते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्यक्ष प्रमाण म्हणावे तर चिप हीटसिंकखाली आणि थर्मल पेस्टच्या थराखाली दडलेली. ती उघडून तिच्या पृष्ठावर कोरलेली अक्षरे वाचणे शक्य असले तरी चालत्या कार्डाशी असा खेळ सहसा कोणी करीत नाही. खोक्यावरील शब्द खोटा नव्हता, पण तो सामान्याचा वाचक होता आणि आपणांस हवा होता विशेष. मग उरते कार्डाची स्वतःची जबानी. तीवर तरी किती विसंबावे? जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या कार्डांच्या बायोसमध्ये फेरफार करून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचा धंदा मध्यंतरी इतका बोकाळला की कार्डांची तपासणी करणाऱ्या जीपीयू-झेड या साधनाला २०१८ साली अशा तोतयांच्या नावामागे ‘फेक’ असा शिक्का उमटविण्याची सोय करावी लागली. विचारले असता कार्ड आपले नाव सांगते, पण त्या कार्डाला कोणी पढविले असेल तर ते पढविलेलेच सांगते. आणि हा पढिकपणा उघडकीस येतो तो चिपच्या अंतर्रचनेची इतर लक्षणे जुळवून पाहिल्यावर, म्हणजे अनुमानाने.

कोणता ड्रायव्हर हवा हे असे एकदा निश्चित झाले, की तो कोणाकडून घ्यावा हा खरा प्रश्न पुढे येतो. कार्डाचे नाव घालून शोध केला असता कंपनीच्या पानाच्या आगेमागे अशी कित्येक पाने हात जोडून उभी राहतात की जी आपल्या संगणकातील सर्व ड्रायव्हर एका क्लिकसरशी अद्ययावत करून देण्याचे आश्वासन देतात. असे एक पान मी भाच्याच्या खांद्यावरून निरखून पाहिले. त्यावर ‘डाउनलोड’ या अक्षरांची बटणे एकाहून अधिक होती. त्यांतील सर्वांत मोठे, हिरवे आणि मध्यभागी बसविलेले बटण जाहिरातीचे होते, त्याखालचे दुसऱ्याच एका प्रोग्रॅमचे होते, आणि ज्यासाठी मनुष्य तेथे आला ती फाइल पानाच्या तळाशी करड्या बारीक अक्षरांत होती. देवळाच्या वाटेवर देवापेक्षा दलालांची गर्दी अधिक असावी हे आपल्या देशात कोणास नवलाचे वाटणार नाही.

न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यात वात्स्यायनांनी आप्ताचे जे लक्षण केले आहे, ते या पानापुढे उभे राहून आठवावे. ज्यास वस्तूचे साक्षात् ज्ञान आहे, आणि ते जसे झाले तसेच सांगण्याच्या इच्छेने जो बोलण्यास प्रवृत्त होतो, तो आप्त. या लक्षणाची दोन अंगे आहेत आणि दोन्ही सारखीच अवश्य आहेत. चिप घडविणारी कंपनी ज्ञानाच्या अंगाने निर्विवाद आप्त होय. पण जे जाणते ते सर्व जसेच्या तसे सांगण्याची तिची इच्छा आहे काय? ती आपणांस यंत्रभाषेतील एक बंद गाठोडे देते, त्याचा मूळ आराखडा स्वतःपाशी ठेवते, आणि वर दोन-चार गोष्टी न मागता पाठवून देते. उलट त्या हिरव्या बटणाच्या मालकापाशी ज्ञानही नाही आणि शुद्ध इच्छाही नाही, म्हणून त्याचा विचारच नको. परंतु वात्स्यायन याच ठिकाणी आणखी एक असे वाक्य लिहून जातात की ज्याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असे ते स्वच्छ म्हणतात. कुल, पीठ, सनद यांचा त्यात उल्लेख नाही. दूर देशी बसलेल्या, नावगाव ठाऊक नसलेल्या एखाद्या मनुष्याने हेच ०एफ०२ चे कार्ड स्वतः हाताळून, कोणता ड्रायव्हर चालला व कोणता चालला नाही ते कसलाही लाभ नसताना लिहून ठेवले असेल, तर वात्स्यायनांच्या न्यायासनापुढे तो आप्त ठरतो. आपली आजची यंत्रे मात्र त्याला आप्त मानावयास तयार नाहीत. त्यांना मोहोर लागते.

ही मोहोर कशी लागते ते सांगितले पाहिजे, कारण माझ्या मते या विषयातील सर्वांत रम्य भाग तोच आहे. ड्रायव्हर हा सामान्य प्रोग्रॅमप्रमाणे वेशीबाहेर राहत नाही. त्याचा महत्त्वाचा भाग कर्नलमध्ये, म्हणजे जेथे सर्व हुकूम चालतात आणि कोणाची आडकाठी नसते त्या गाभाऱ्यात, वावरतो. यास्तव ६४ बिटांच्या विंडोजने २००७ मधील व्हिस्टापासून असा दंडक घातला की सहीशिक्क्यावाचून कोणत्याही ड्रायव्हरने कर्नलमध्ये पाऊल टाकू नये. ड्रायव्हरबरोबर एक कॅटलॉग फाइल येते. तीत बाकीच्या फाइलींचे गणिती सारांश नोंदलेले असतात आणि त्या नोंदीवर सही असते. कोणत्या क्रमांकाच्या कार्डांना हा ड्रायव्हर लागू आहे हे सांगणारी जी साधी अक्षरी फाइल त्यात असते, तीत एखाद्याने आपल्या कार्डाचा क्रमांक हाताने घुसडला, तर हेतू कितीही निर्मळ असो, सारांश जुळत नाही आणि सही बाद होते. पण सही करणाराचा भरवसा कशावरून? त्याच्यापाशी दुसऱ्या कोणी दिलेले सर्टिफिकेट असते. त्या दुसऱ्याचा भरवसा कशावरून? त्याच्यापाशी तिसऱ्याचे. तलाठ्याच्या दाखल्यावर तहसीलदाराचा आणि त्यावर जिल्हाधिकाऱ्याचा शिक्का मागणाऱ्या कचेरीसारखीच ही परंपरा आहे, आणि ती शेवटी ज्या मूळ सर्टिफिकेटापाशी जाऊन थांबते त्यावर सही कोणाची असते? त्याचीच. मूळ सर्टिफिकेट स्वतःच स्वतःला प्रमाण म्हणून घोषित करते, विंडोजबरोबर ते आपल्या घरात आलेले असते, आणि त्याविषयी आपली अनुमती कोणी मागितलेली नसते.

सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांना हे पाहून फारसा विस्मय वाटला नसता. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतः असते की दुसऱ्या कशाने सिद्ध करावे लागते, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यामधील मोठा झगडा. नैयायिक म्हणतो की ज्ञान झाले म्हणून ते खरे असे नव्हे. त्याने प्रवृत्त होऊन फळ मिळाले म्हणजे खरे. मीमांसक म्हणतो की पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याचा जामीन मागाल तर दुसऱ्याला तिसऱ्याचा मागावा लागेल आणि या अनवस्थेला अंत राहणार नाही. कोठे तरी थांबून एखादे ज्ञान स्वतःप्रमाण मानणारच असाल, तर पहिल्यानेच तुमचे काय वाईट केले होते? म्हणून प्रत्येक ज्ञान, त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान किंवा त्याच्या कारणातील दोष दिसेपर्यंत, प्रमाणच समजावे. कुमारिलांनी याच संदर्भात असेही म्हटले आहे की व्यवहारात तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची पाळीच येत नाही. सर्टिफिकेटांची साखळी पाहावी, तर ड्रायव्हरवरील सही, मधला अधिकारी आणि मूळ अधिकारी, अशी तीन कड्यांची, फार तर चार कड्यांची असते.

पण सादृश्याला येथे आवर घातला पाहिजे, कारण मीमांसकाने आपल्या स्वतःप्रामाण्याला आणखी एक आधार दिला होता व तो या मूळ सर्टिफिकेटापाशी नाही. शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्याच्या अज्ञानामुळे, लोभामुळे किंवा प्रमादामुळे. वेदाला बोलणारा कोणी नाही, म्हणून त्यात दोष शिरण्यास वाटच नाही, असे त्याचे म्हणणे. मूळ सर्टिफिकेट सर्वस्वी पौरुषेय आहे. त्याची किल्ली कोणत्या तरी इमारतीत, कोणत्या तरी कुलपात, कोणा तरी पगारी मनुष्याच्या देखरेखीखाली असते, आणि किल्ली म्हटली की चोर आलाच. इराणच्या नतान्झ येथील युरेनियम संपृक्तीच्या यंत्रांवर सोडलेला स्टक्सनेट हा विषाणू २०१० साली उजेडात आला, तेव्हा त्याच्या ड्रायव्हरांवर तैवानातील दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या अस्सल सह्या आढळल्या. सह्या खऱ्या, करणारे हात परके. २०२२ च्या आरंभी खुद्द एन्व्हिडियाकडून चोरीस गेलेल्या सामानात सह्या करण्याची दोन सर्टिफिकेटे होती. त्यांची मुदत कित्येक वर्षांपूर्वीच संपली होती. तरीही जुन्या ड्रायव्हरांची गैरसोय होऊ नये म्हणून विंडोजने जुन्या सर्टिफिकेटांना जी सवलत ठेवली होती तिचा फायदा घेऊन, त्या मोहोरेखाली काही दुष्ट प्रोग्रॅम गाभाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचले. मेलेल्या कारकुनाच्या शिक्क्याने जमिनी फिरविल्याच्या कथा आमच्या महसूल खात्याच्या दफ्तरांत मिळतील, त्यातलाच हा प्रकार.

मग शब्द हे प्रमाणच नको, असे म्हणणारा पक्ष या क्षेत्रातही आहे. बौद्ध आचार्य दिङ्नागाने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानून शब्दाला अनुमानात जिरवून टाकले. लिनक्सच्या जगात ‘नूव्हो’ या ड्रायव्हरच्या कर्त्यांनी तेच व्रत घेतले. एन्व्हिडियाने आपल्या चिपांची माहिती दिली नाही, तेव्हा कंपनीचा बंद ड्रायव्हर चालत असताना तो कोणत्या पत्त्यावर काय लिहितो याची टिपणे घेऊन, कोणत्या लेखनाने कोणता परिणाम घडतो यांतील व्याप्ती शोधून, धुरावरून अग्नी ओळखावा तसा त्यांनी चिपचा स्वभाव ओळखला, आणि २०१० साली हा ड्रायव्हर लिनक्सच्या २.६.३३ या आवृत्तीत समाविष्ट झाला. केवळ निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर इतके मोठे शास्त्र उभे करणाऱ्या या मंडळींविषयी मला अतिशय आदर वाटतो. तथापि अनुमानालाही जेथे पोहोचू दिले जात नाही अशी एक भिंत पुढे उभी राहिली: मॅक्सवेल पिढीच्या उत्तरार्धापासून चिपला स्वतःलाच सही तपासण्याची बुद्धी दिली गेली, आणि कंपनीच्या सहीचे फर्मवेअर मिळाल्याखेरीज कार्डाला त्याच्या पूर्ण वेगाने धावविणे या तर्कपंडितांच्या हाती राहिले नाही. २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने ट्युरिंग व त्यानंतरच्या पिढ्यांसाठी आपल्या कर्नल भागाचा मूळ आराखडा खुला केला खरा. पण बरेचसे मर्म तोवर कार्डावरील बंद फर्मवेअरमध्ये हलविले गेले होते.

आणि समजा, सारेच खुले झाले. मूळ आराखडा ओळ न् ओळ आपल्यापुढे आला आणि तो वाचण्याची विद्या व फुरसत या दोन्ही दुर्मिळ गोष्टी आपल्यापाशी असल्या, तर शब्दापासून सुटका होईल काय? युनिक्सचे एक जनक केन टॉम्सन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या प्रसंगी केलेले आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेले व्याख्यान या आशेवर पाणी ओतते. मनुष्याला वाचता येणाऱ्या आराखड्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा जो कंपायलर, त्यालाच जर कोणी असे पढविले की विशिष्ट प्रोग्रॅम दिसताच त्यात एक चोरवाट घालावी, आणि स्वतः कंपायलरचा आराखडा दिसताच हाच पढिकपणा नव्या कंपायलरमध्येही उतरवावा, तर कोणत्याही आराखड्यात त्या चोरवाटेचा मागमूस न राहता ती पिढ्यान्‌पिढ्या चालू राहील, असे त्यांनी दाखवून दिले. जे मी स्वतः लिहिले नाही त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. आणि सर्वच स्वतः लिहावे तर आयुष्य पुरत नाही.

इकडे भाच्याने कंपनीच्याच पानावरील जुन्या ड्रायव्हरांच्या विभागात जाऊन ३९० च्या मालिकेतील शेवटच्या आवृत्त्यांपैकी एक आणली होती. या वेळी इन्स्टॉलर थांबला नाही. पडदा क्षणभर काळा झाला, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि मग अक्षरे एकदम बारीक, रेखीव होऊन मॉनिटरच्या पूर्ण रिझोल्यूशनमध्ये चित्र उभे राहिले. ‘चालतंय मामा! म्हणजे बरोबरच आहे हा.’ नैयायिकाने यापेक्षा निराळे काय म्हटले असते? पाणी समजून गेलो, तहान भागली, तेव्हा ते पाणीच होते. आणि बाध येण्याचीही व्यवस्था या यंत्रात चोख आहे: कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज ड्रायव्हरला थोपवून पुन्हा उभा करते, दोष गाभाऱ्यात असेल तर निळा पडदा दाखवून सर्वच कारभार बंद पाडते, आणि मनुष्याला पस्तावा झाल्यास ‘रोल बॅक’ करून मागच्या शब्दाकडे परतण्याची मुभाही असते.

मला मात्र नैयायिकाचा हा विजय अर्धवट वाटतो. फळाने सिद्ध होतो तो शब्दाचा तेवढाच भाग की जो त्या फळाच्या कसोटीला लागला. चित्र नीट दिसले, यावरून चित्र नीट दाखविण्याविषयीची आज्ञावली खरी, इतकेच ठरले. तोच ड्रायव्हर गाभाऱ्यात बसून आणखी काय करतो याविषयी तो रेखीव पडदा एक अक्षर बोलत नाही, आणि स्टक्सनेटच्या ड्रायव्हरांनीही आपली कामे बिनबोभाट केली होती. न्यायसूत्रकार गौतमांना ही अडचण दिसत होती असे मी समजतो. वेदाचा स्वर्गादी अदृष्ट फळांविषयीचा भाग पडताळून पाहता येत नाही हे मान्य करून, त्यांनी असा युक्तिवाद केला की मंत्र आणि आयुर्वेद यांचे फळ दिसते, ते ज्या आप्तांनी सांगितले त्यांच्याच प्रामाण्यामुळे बाकीचेही मानावे. दृष्टावरून अदृष्टाकडे जाणारा हा पूल फळांचा बनलेला नाही. तो सर्वस्वी वक्त्याच्या एकत्वावर उभा आहे. वैद्यक सांगणारा आणि स्वर्ग सांगणारा एकच असेल आणि दोन्ही वेळी त्याचा हेतू तोच असेल, तर पूल टिकतो; चोरीच्या शिक्क्यामागे दुसराच कोणी उभा असेल, किंवा वक्ता तोच असून चित्रापुरता प्रामाणिक व बाकीच्या बाबतीत व्यापारी असेल, तर तो त्याच क्षणी कोसळतो. धर्माच्या क्षेत्रात एखाद्या महाराजांच्या अंगाऱ्याने ताप उतरला म्हणून त्यांची मोक्षावरील प्रवचने खरी मानणारा भाविक आणि पडदा नीट दिसला म्हणून ड्रायव्हर निर्दोष मानणारा माझा भाचा, हे दोघे एकाच पुलावरून चालत असतात. त्यांना हसणाऱ्या सुशिक्षितांनाही पैलतीरी जाण्यास दुसरा पूल मी पाहिलेला नाही.

राहता राहिली एक अडचण, आणि ती त्या ३९० च्या मालिकेसंबंधीच आहे. फर्मी पिढीसाठी नवे ड्रायव्हर देणे कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये थांबविले आणि सुरक्षिततेच्या गंभीर दुरुस्त्या जानेवारी २०१९ पर्यंतच देण्याचे जाहीर केले. ड्रायव्हरवरील सही आजही वैध आहे, कारण ती ज्या वेळी केली त्या वेळेचीही नोंद तीत गोवलेली असते, आणि सर्टिफिकेट जिवंत असताना उच्चारलेला शब्द ते मेल्यावरही खराच धरला जातो. म्हणजे शब्द आहे, मोहोर आहे, फळही रोज मिळते आहे; केवळ त्या शब्दाची जबाबदारी घेणारा वक्ता उठून गेला आहे. वक्ता नसलेला शब्द निर्दोष असतो, हा मीमांसकाचा सिद्धांत अपौरुषेयापुरता असेल तर असो. ज्याचा वक्ता होता आणि आता नाही अशा शब्दात उद्या एखादा दोष सापडला, तर तो दुरुस्त करणारे कोणी राहत नाही आणि तो दोष त्या शब्दाइतकाच चिरायू होतो. या यंत्रावर चित्रपट पाहावेत, खेळ खेळावेत, पण बँकेचे व्यवहार करू नयेत असे मी भाच्यास बजावले, तेव्हा ‘बँकेचं सगळं तर मी फोनवरच करतो की,’ असे तो म्हणाला. आणि त्या फोनमधील चिपचा ड्रायव्हर कोणाचा, हे विचारण्याच्या आतच तो खेळास लागला होता.